कोरडे तांदूळ

आमच्या गावात चोर शोधायला पोलीस लागत नसे, साक्षीदारही लागत नसे. पसाभर तांदूळ पुरत.

पलीकडच्या गावाहून एक जाणता यायचा. तांदळावर काहीबाही पुटपुटायचा, फुंकर मारायचा, आणि ज्यांच्यावर वहीम असेल त्यांना चावडीपुढं ओळीनं उकिडवं बसवायचा. प्रत्येकाच्या तोंडात चिमूटभर तांदूळ. चावा म्हणायचा. मग थोड्या वेळानं प्रत्येकानं तो घास पुढ्यातल्या पळसाच्या पानावर थुंकायचा. ज्याचा लगदा ओला निघाला तो सुटला आणि ज्याचे तांदूळ कोरडे निघाले तो चोर. खोट्याच्या तोंडचं पाणी देव पळवतो, असं जुनी माणसं छातीला हात लावून सांगत. अरे, भ्यालेल्याच्याही तोंडचं पाणी पळतं, एवढी साधी गोष्ट त्यांच्या पागोट्याखाली कधी शिरली नाही. आणि माझ्या भावाची गोष्ट तर भ्यालेल्याचीही नव्हती.

हे लिहिताना माझे दात अजून आवळले जातात. इतकी वर्षं झाली, राज्य बदललं, ती चावडी पडली, त्या पंचांतलं एकही माणूस आता जिवंत नाही. राग मात्र निवला नाही, आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. डोंगरकड्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. वडील पटकीत गेलेले. आई लोकांच्या रानात खुरपायला जायची. मी पंधरा वर्षांची, भाऊ तेराचा. माझं लग्न अकराव्या वर्षीच झालं होतं, पण नांदायला जायच्या वर्षी मला नारू झाला.

आताच्या पोरांना नारू सांगूनही कळत नाही. आम्ही बारवेचं पाणी प्यायचो, पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालून घागरी भरायचो, आणि त्याच पाण्यातून तो किडा अंगात यायचा. वर्षभरानं पायाला फोड यायचा आणि फोडातून पांढरा दोरा बाहेर डोकवायचा. तो ओढायचा नसतो. काडीला गुंडाळून रोज बोटभर, हलक्या हातानं बाहेर काढायचा असतो. तुटला तर आत सडतो आणि पाय घेऊन जातो. आई रानात जायची, म्हणून काडी फिरवायचं काम भावाकडं होतं. तो ते जीव ओतून करायचा. जीभ दातांत धरून, श्वास रोखून. एके दिवशी बाहेर पोरांनी हाक मारली, त्याचं लक्ष गेलं, हात हिसकला, आणि दोरा तुटला.

पाय सुजून भोपळा झाला. गुडघा आखडला तो आखडलाच. सासरहून निरोप आला की सून उभी राहून आडाचं पाणी शेंदू लागली म्हणजे पाठवा, तोवर तुमच्याकडंच राहू द्या. मी बाजेवर पडल्या पडल्या भावाला नाही नाही ते बोलले. "तुज्यामुळं पांगळी झाले मी. तुजं तोंड दाखवू नगंस." तो संध्याकाळी एरंडाची पानं शेकून आणायचा आणि माझ्या गुडघ्याला बांधायचा. माझी बडबड चालू आणि त्याचं बांधणं चालू.

त्या दिवाळीनंतर त्यानं एक नवीनच सुरू केलं. एरवी घरी भाकर खाऊन गुरांमागं जायचा, पण सोमवारी भाकर फडक्यात बांधून घ्यायचा. आईला वाटलं, सोमवारी गुरं लांबच्या माळावर नेत असेल. मला तर काहीच वाटलं नाही. मला माझ्या गुडघ्यापलीकडं काही दिसतच नव्हतं.

संक्रांतीच्या अगोदर पोलीस पाटलाच्या घरी ज्वारी आली. कणगी भरायला पाच जण बोलावले होते, त्यात माझा भाऊ. कणगी म्हणजे माणसापेक्षा उंच, बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली. वरून धान्य ओतायचं आणि लागेल तसं बुडाशी असलेल्या भोकातून काढायचं. भरताना ज्वारी दबावी म्हणून घरचं लहान पोर वर सोडायची रीत होती. पोर नाचतं, धान्य बसतं, सगळ्यांची करमणूक होते. पाटलाचा नातू तसाच नाचला. संक्रांतीला त्याला सजवायला घेतला तर कमरेची चांदीची साखळी नाही.

झालं. घरात पाटलाचे तीन मुलगे, दोन जावई, सुना, गडीमाणसं अशी सगळी भरलेली. पण वहीम कुणावर? धान्य वाहणाऱ्या पाचांवर. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. घरातल्या एकानंही तांदूळ चावले नाहीत, आणि चावायला कुणी सांगितलंही नाही.

जाणत्यानं वार सोमवारचा काढला. नागनाथाचा वार, म्हणजे मंत्र जास्त लागतो. आईला चावडीपुढं उभं केलं होतं, तिनं जे पाहिलं तेच मी सांगते. पाची जणांच्या तोंडात तांदूळ पडले. चौघांचे जबडे घाण्यासारखे फिरू लागले. माझ्या भावाचा जबडा हललाच नाही. ओठ मिटलेले, मान खाली.

"चाव की रे!" जाणता ओरडला.

तो हलला नाही.

"चाव म्हणतो न्हवं! दातखीळ बसली का तुजी?"

आई म्हणाली, त्यानं एकदा डोळे वर करून तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातले. थुंकायची वेळ आली. चौघांच्या पानावर लगदा. त्याच्या पानावर अख्खे तांदूळ, जसेच्या तसे. वाळवणातून उचलून टाकावेत तसे कोरडे. माणसांतून हाय निघाली. असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. कोरडे तांदूळ पूर्वीही निघाले होते, पण चावायचेच राहून गेलेले, अख्खे? देवानं जबडाच धरून ठेवला म्हणाले. ह्याहून मोठी खूण कोणती पाहिजे?

शंभरेक माणूस होतं तिथं. एकानंही विचारलं नाही, की पोरा, तू चावलास काहून न्हाई? एवढा एक प्रश्न. त्याला पाच शब्द लागतात. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथं शंभर मुखं होती आणि एकातूनही ते पाच शब्द निघाले नाहीत.

चिंचेच्या फोकांनी मारला. साखळी कुठाय सांग म्हणत मारला. तो काय सांगणार? नसलेली साखळी कुठून आणणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दिवे लागायच्या सुमारास सोडला. आई त्याला धरून घेऊन आली. आई रडत होती, पण रडताना काय म्हणत होती? "असं काहून केलंस रे माज्या लेकरा." म्हणजे आईनंही धरून चाललं होतं.

आणि मी. माझं सांगायचं म्हणजे जीभ जड होते, पण इतरांची लक्तरं वेशीवर टांगायची आणि आपलं झाकायचं, हे मला जमणार नाही. मी बाजेवरून त्याला विचारलं, "कुठं ठेवलीस साखळी? देऊन टाक की. मी सांगते आईला, ती नेऊन देईल."

माझा आवाज मऊ होता. मला वाटत होतं, मी त्याच्या बाजूनं बोलतेय.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. पाठ सोललेली, हातांवर वळ उठलेले. तसाच चुलीपाशी गेला, एरंडाची पानं शेकली, आणि येऊन रोजच्यासारखी माझ्या गुडघ्याला बांधली. गाठ मारताना बोटं नीट वळत नव्हती, म्हणून दोनदा मारली. मग घटाघटा तांब्याभर पाणी प्यायला. फार तहान लागली असेल, मार खाल्लाय, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून चावडीवर हजेरी लागली. पाटलाच्या दप्तरी गावच्या बदमाशांची यादी असे, त्यात त्याचं नाव चढलं. रोज संध्याकाळी जाऊन बसायचं, नाव पुकारलं की उठून उभं राहायचं, मग घरी यायचं. तेरा वर्षांचं पोरगं. यादीत आणखी दोघे होते, ते मात्र अस्सल. गुरं चोरणारे. पैनगंगेच्या अलीकडची जनावरं पलीकडं वऱ्हाडात नेऊन विकायची. पलीकडं इंग्रजाचा मुलूख, निजामाचा शिपाई नदीकाठी येऊन नुसता बघत राहणार. पाटलानं माझ्या भावाला रोज ह्या दोघांच्या मध्ये बसवलं.

परवा आमच्या इथल्या शाळेत एक शिकलेले साहेब भाषण करून गेले. मुलं गुन्ह्याकडं का वळतात, ह्यावर. म्हणाले, वाईट संगत. म्हणाले, घरात लक्ष नसतं. पालकांनी माना डोलावल्या. मला उठून विचारावंसं वाटलं, साहेब, संगत वाईट, हे कबूल. पण त्या संगतीत पोराला नेऊन बसवलं कुणी, तेही सांगा की! आमच्या गावात चोरीची शाळा पाटलानं उघडली होती, चावडीवर, देवाच्या साक्षीनं, आणि हजेरी सक्तीची होती.

त्यातली सगळ्यात जहरी गोष्ट मला पुढं भावानंच सांगितली. त्या दोघांतल्या थोरल्यानं पहिल्याच आठवड्यात त्याला विचारलं होतं, "तू घेतली न्हाईस ना रे?" हा म्हणाला, न्हाई. तो म्हणाला, "ते कळतंय. घेतली असती तर तू गप बसला नसतास, लई बोलला असतास." गावात फक्त दोन माणसांना तो निर्दोष आहे हे कळलं होतं, आणि ती दोन्ही माणसं चोर होती.

गुरं राखायचं काम गेलं. चोराच्या हाती जनावर कोण देणार? रिकामा झाला म्हणून शाळेत जाऊ लागला. मास्तरांनी यायला नाही म्हटलं नाही, फक्त त्याला दाराबाहेर बसवलं. कुणाची कोंबडी हरवली, पाटलाचा माणूस आमच्या दारात. कुणाची दोरी हरवली, पाटलाचा माणूस आमच्या दारात. कोंबडी शेजाऱ्याच्या वळचणीत अंडी घालताना सापडायची, तेव्हा मात्र सांगायला कुणी यायचं नाही. तो आधी हसायचा. मग हसायचा थांबला. मग दारात माणूस दिसला की बोलावण्याआधीच उठून चालू लागायचा, आणि ते मला हसण्याहून वाईट वाटायचं.

माझा पाय मात्र सुधारत चालला. माघ सरता सरता सूज ओसरली. शिमग्याला मी भिंत धरून उभी राहिले आणि चैत्रात आडावर जाऊन घागर शेंदली. आई म्हणाली, एरंड लागू पडला. वैशाखात सासरी गेले. भाऊ गाडीमागं ओढ्यापर्यंत चालत आला. माझ्या पायांकडं बघत होता आणि तोंडभर हसत होता, कितीतरी दिवसांनी. मला वाटलं, चला, ब्याद टळली म्हणून हसतोय.

नागपंचमीला माहेरी न्यायला मुराळी म्हणून तोच आला. अनवाणी, सहा कोस. सासरी बातमी पोचलेलीच होती. सासूबाईंनी त्याला पाहिलं आणि ओसरीवरचा पितळेचा तांब्या उचलून आत नेला. मग समई आत नेली. मग उखळाशेजारची लोखंडी पहारही आत नेली. बोलल्या गोड. "या, बसा पावणं." पाणी द्यायला भांडं नव्हतं, सगळी आत गेली होती, म्हणून तो रांजणातूनच ओंजळीनं पाणी प्यायला. मी दारात उभी. मी एक तांब्या बाहेर आणून त्याच्या हातात द्यायला हवा होता. दिला नाही. नवी सून होते, हे कारण मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले.

पुढच्या पंचमीला तो आला नाही. शेजारचे काका गाडी घेऊन आले. गाव दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, "पोरगं धरलं. बैलं घेऊन नदी उतरून राहिला व्हता, त्या दोघांसंगं. ते पळाले. ह्यो मागच्या बैलाला सोडवत बसला. चिखलात रुतला व्हता म्हनं बैल." भाऊ तालुक्याच्या कोठडीत होता. पंधरा पूर्ण नव्हते.

घरात आई भिंतीकडं तोंड करून बसलेली. पंचमीचा झोका कुणी बांधला नव्हता. संध्याकाळी पाटलाकडं धान्य निवडायला जाणारी शेजारीण आली. इकडं तिकडं बघून म्हणाली, "तुला म्हणून सांगते, पोरी. साखळी मागल्या सालच्या आखाडातच सापडली. कणगी झाडताना. सगळ्यात वर व्हती, म्हणून सगळ्यात शेवटी निघाली. नातवाच्या कमरंतून ज्वारीतच पडली असंल."

"मग पाटील काय म्हणले?"

"म्हणले, पोरानं भ्यानं आणून टाकली असंल. अन् म्हणले, कुठं बोलायचं न्हाई. देवाचं हसं व्हईल."

एक वर्ष! साखळी त्यांच्या पेटीत, आणि माझा भाऊ त्यांच्या यादीत. रोज संध्याकाळी पाटील त्याचं नाव पुकारत होते आणि तो उठून उभा राहत होता, आणि पुकारणाऱ्याला सगळं ठाऊक होतं. देवाचं हसं होईल म्हणे. देवाचं कशाला, पाटलाचं झालं असतं. देवाच्या नावावर खपवलं की काम स्वस्तात होतं.

पण साखळी पडली असेल हे पटलं, तरी माझ्या मनातला काटा निघेना. तांदूळ. ते अख्खे राहिले कसे? मीही त्याच गावची. लहानपणापासून जे ऐकलं ते हाडांत मुरलेलं. न केलेल्या चोरीला देवानं जबडा का धरावा?

दुसऱ्या दिवशी बारवेकडं जाताना पिंजाऱ्याच्या म्हाताऱ्या आईनं हाक मारली. दोन्ही डोळ्यांनी आंधळी. लिंबाखाली बसून मुलानं पिंजायला आणलेल्या कापसातली सरकी बोटांनी चाचपून काढायची. गावातली पोरं तिला नानी म्हणत. मुसलमानाची, म्हातारी, आंधळी, तेव्हा गावच्या भानगडी तिच्यापर्यंत अर्ध्यामुर्ध्याच पोचायच्या.

"पाऊल तुजंच हाय ना? अक्का?" तिनं विचारलं. "बराबर पडतंय आता. बरं झालं, बाई. पोराचे सोमवार फळले."

"कसले सोमवार, नानी?"

"आता सांगाया हरकत न्हाई, झाले की त्याचे सोळा कवाच. दर सोमवारी येऊन भाकर माज्या पदरात टाकायचा. म्या म्हनलं, काहून रे बेटा, भूक न्हाई? तर म्हने, नानी, उपास हाय. दिवा लागंस्तवर पानी बी प्येत नव्हता, आमच्या रोज्यावानी. म्हने, म्या नारू तोडला, म्याच जोडनार. अन्नाचा दाना तोंडात घालायचा न्हाई अन् भाकर घेनारीबिगर कुनाला सांगायचं न्हाई. सांगितलं की फळत न्हाई म्हने."

मी हातातली घागर खाली ठेवली. "नानी, चावडीवर तांदूळ झाले तो दिवस आठवतो?"

"चोर धरला म्हनून ओरडा झाला त्यो? आठवतो की. त्या दिशी सकाळीच आला व्हता. चौदावा हाय म्हनला."

"नानी, त्याच्या तोंडात तांदूळ घातले होते. चावायला."

म्हातारीची बोटं कापसात थांबली. "तोंडात घालतेत?" ती म्हणाली. "या अल्ला. मला कुनी सांगितलं न्हाई, पोरी. मला वाटलं, तांदूळ टाकून बघतेत, शकुन बघतेत तसं."

तिच्याकडं सोमवार होते आणि आमच्याकडं तांदूळ. दोन घरांमध्ये पन्नास पावलं नसतील. दीड वर्षात कुणी ती चाललं नाही.

त्याचा जबडा देवानं धरला नव्हता. त्यानंच धरला होता. तोंडात अन्न, दिवसभराचा कोरडा घसा, समोर फोक घेतलेली माणसं, आणि ते पोरगं एक एक दाणा जिभेवर नुसता जपून बसलं होतं, कारण एक दाणा चावला गेला असता तर माझा पाय गेला असता.

मी घागर तिथंच टाकली आणि चावडीवर गेले. डोक्यावरचा पदर सरकला, तो सावरलाही नाही. माहेरवाशीण असं तोंड वर करून चावडी चढत नसते, पण मी चढले. पाटील पान लावत बसले होते, दोन-चार टाळकी बाजूला.

"पाटील, साखळी तुमच्या कणगीत निघाली. माझ्या भावानं घेतली नव्हती. त्या दिवशी त्याला उपास होता, म्हणून त्यानं चावलं नाही. ज्या चावडीपुढं चोर म्हणालात, त्याच चावडीपुढं सांगा सगळ्यांना, की चूक झाली."

पाटील रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. लेकीला समजावावं तसं बोलले. "बाई, झालं गेलं गंगेला मिळालं. अन् आता सांगून काय उपेग? पोरगं बैलं नेताना सापडलं न्हवं? मुद्देमालासकट?"

"ते आत्ता. तेव्हा तो चोर नव्हता."

"तवा नव्हता, आता हाय." त्यांनी पान तोंडात टाकलं. "म्हंजी तांदूळ खरेच ठरले की."

बाजूची टाळकी हसली. मीही तिथं काहीबाही बोलले, ते शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत. त्यातला एकही मी मागं घेत नाही.

तिसऱ्या दिवशी बाजाराला निघालेल्या कापसाच्या गाडीत बसून तालुक्याला गेले. कोठडीवरचा शिपाई मिशाळ, म्हातारा, पण माणूस होता. म्हणाला, बहीण आहेस तर भेट, पण पटकन. भाऊ गजांशी आला. ओठावर मिसरूड फुटू लागली होती. आवाज फुटला होता. मी त्याला शेवटचं नीट पाहिलं होतं तेव्हा तो लहान होता, आणि आता त्याच्याकडं बघून कुणीही म्हणालं असतं, दिसतोच चोर.

मी साखळीचं सांगितलं. "ठाव हाय," तो म्हणाला. "थोरल्यानं सांगितलं व्हतं मागंच. त्यानला सगळं कळतं."

"आणि सोमवारचं? उपास होता हे काहून सांगितलं न्हाईस रे? एक शब्द बोलला असतास तर..."

"बोललो असतो तर मोडला असता." त्याला ह्यात विचारण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "दोनच तर राह्यले व्हते. केले ते बी."

"नंतर तरी सांगायचंस! सोळा झाल्यावर. मला तरी."

तो बराच वेळ गजाची गंजलेली खपली नखानं काढत राहिला.

"सांगणार व्हतो," तो म्हणाला. "अक्का, गावानं चोर म्हटलं, त्याचं काय न्हाई. मारलं, त्याचं बी न्हाई. आई तर रडूनच राह्यली व्हती. मला वाटलं, अक्काला तरी ठाव असंल मी कसा हाय ते. अन् तू इचारलंस, कुठं ठेवलीस. तवा म्हनलं, जाऊ दे. चोर तर चोर."

मुलं गुन्ह्याकडं का वळतात, साहेब? हे घ्या उत्तर. बाजेवर पडलेल्या एका पोरीनं, मऊ आवाजात, प्रेमानं, चार शब्द विचारले म्हणून. पाटलाला मी शिव्या देते, जाणत्याला देते, त्या शंभर तोंडांना देते, आणि त्या सगळ्या त्यांना पोचतात. पण शेवटी सगळ्या फिरून माझ्याच दारात येतात.

शिपायानं काठी आपटली. भाऊ मागं सरकला, मग पुन्हा पुढं आला आणि गजांतून खाली माझ्या पायांकडं बघितलं.

"दुखतो का?"

"न्हाई."

"नारू पुन्हा न्हाई ना निघाला?"

"न्हाई रे."

"मग झालं," तो म्हणाला, आणि आत गेला.

परतायला गाडी नव्हती. गावापर्यंत सहा कोस, वाटेत दोन ओढे, चिखल. मी एकटीच चालत निघाले. कुठंही बसले नाही. मला वाटत होतं, आता कळ निघेल, आता पाय लटपटेल, आता मी वाटेत पडेन. मेला पाय एकदाही दुखला नाही.